कुत्र्यांना घेऊन पवनेला तंबूत मुक्काम: काय न्यावं, काय घरी ठेवावं?

सह्यवेडी | शुक्रवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

डिसेंबरमध्ये पवना धरणाच्या काठी तंबू ठोकून एक रात्र राहायचा बेत आहे. आम्ही दोघं आणि आमचे दोन चतुष्पाद. ब्रुनो: लॅब, पाच वर्षांचा, ३१ किलो, जे दिसेल ते खातो. चंपी: गावठी, दोन वर्षांची, १६ किलो, सावलीलाही घाबरते आणि मग तिच्यावरच भुंकते. दोघांनाही गाडीची सवय आहे, तंबूची नाही. जागा तिकोन्याच्या बाजूला, ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर. तंबू आमचाच. गाडी मात्र छोटी आहे.

आत्तापर्यंतची यादी: दोघांची अंथरुणं, स्वेटर, चार-चार बूट, वाडगे, खेळणी, शाम्पू, टॉवेल, पोहण्याचं जॅकेट, खाऊ, बिस्किटं, घडीचं कुंपण, ब्रश, औषधं. यादी वाचून नवरा म्हणाला, "तुम्ही तिघं गाडीने जा, मी एसटीने येतो."

काय कापू? आणि काय राहिलंय?

---

चिखलपाय | शुक्रवार, रात्री ११:१५

बूट, शाम्पू, खेळणी, कुंपण, सगळं घरी. बूट घातलेला लॅब पहिली दहा मिनिटं पाय झटकतो आणि पुढची दहा मिनिटं बूट चावतो. खेळण्यांचं म्हणाल तर तिथे काठ्या, शेण आणि चिखल फुकट आहे.

जागा पाण्याला द्या. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, तेही घरी पडून राहिला तर. तुमच्या दोघांचं मिळून अडीच-पावणेतीन लिटर झालं. उन्हात पळापळ झाली की दुप्पट धरा. पाणी घरचंच न्या. धरणाचं पाणी ते पिणारच, पण पोट भरलेलं असलं की कमी पितील. जिथे पाणी साचून हिरवट साय धरलीये तिथे मात्र तोंडही लावू देऊ नका. त्या शेवाळात विषारी प्रकार असतात आणि कुत्री त्याने तासाभरात आडवी होऊ शकतात.

दुसरी गोष्ट दोरी. नेहमीचा फिरायचा पट्टा वेगळा, आणि मुक्कामाला बांधायची पाच-सहा मीटरची जाड दोरी वेगळी. प्रत्येकाला एकेक, शिवाय एक जास्तीची. बाजारात जमिनीत पिळायची खुंटी मिळते, ती नेऊ नका. मुरमात ती धड आत जात नाही, आणि गेलीच तर ३१ किलोचा ब्रुनो ती उपटून खुंटीसकट म्हशींच्या मागे जाईल. दोन झाडांमध्ये कमरेच्या उंचीवर आडवी दोरी ताणा, त्यात कडी घाला, कडीला पट्टा. कुत्रा इकडून तिकडे फिरतो, गुंता होत नाही. आणि बांधायचं ते अंगातल्या हार्नेसला, गळपट्ट्याला नाही.

---

मोती_आणि_मी | शनिवार, सकाळी ७:०५

चिखलपाय, यादी कापायचा उत्साह आवरा जरा. स्वेटर राहू दे. लॅबला नको, पण गावठीच्या अंगावर लोकर नसते आणि पवनेच्या काठी डिसेंबरात पहाटे चांगलं कुडकुडायला होतं. त्याहून त्रास दवाचा. सकाळी तंबू बाहेरून निथळत असतो, आणि कुत्रा अंग चोळायला नेमका त्याच कापडाला जातो.

सह्यवेडी, अंथरुणांऐवजी जुनी गोधडी न्या. तंबूचा तळ पातळ असतो, कुत्रा झोपायच्या आधी तीन फेऱ्या मारून नखांनी खरवडतो आणि तळाला भोकं पडतात. खाली सतरंजी, वर गोधडी. घरची, न धुतलेली. वास ओळखीचा असला की चंपीसारखी भित्री पोरं लवकर बसतात. नखं जायच्या तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. घाईत नख खोल कापलं गेलं तर मुक्कामभर रक्ताचे ठिपके.

आणखी एक. तंबूच्या झिपा आतून एकमेकींना छोट्या कडीने अडकवा. कुत्र्याला नाकाने झिप वर ढकलायला पाच मिनिटांत येतं. आमचा मोती आधी नुसतं नाक बाहेर काढतो, मग एक डोळा, मग इकडे तिकडे बघतो कोणी हटकतंय का, आणि मग अख्खा बाहेर. आवाज शून्य.

जायच्या आधी घरात, हॉलमध्ये, तंबू उभा करा आणि दोन-तीन संध्याकाळी जेवण त्यातच द्या. याला पिशवीत जागा लागत नाही.

---

सह्यवेडी | शनिवार, सकाळी ९:३०

म्हणजे रात्री दोघंही तंबूतच? नवरा म्हणतोय बाहेर बांधू, राखण करतील.

---

मावळातला | शनिवार, दुपारी १:२०

ताई, बाहेर बांधू नका. राखण-बिखण काही नाही. आमच्याकडं बिबट्या फिरतो. रोज दिसत नाही, पण फिरतो. आमची स्वतःची कुत्री रात्री पडवीत, दार लावून. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो शोभेला नसतो, बिबट्या नरडं धरतो म्हणून असतो. शहरातलं कुत्रं दोरीला बांधलेलं, पळता येत नाही, वर भुंकून आपण कुठं आहोत ते सांगतंय.

आणि शनिवारी येऊ नका. शनिवारी काठावर गाणी एवढ्या मोठ्यानं लावतात की आमच्या म्हशी दूध चोरतात. कुणाचा वाढदिवस असला की बारा वाजता फटाके. तुमची भित्री कुत्री तिकोन्यापर्यंत पळंल. मंगळवार-बुधवार या, काठ रिकामा असतो.

बाकी एक विनंती सगळ्यांनाच. सकाळी आठ-साडेआठला शेरडं निघतात, तेव्हा कुत्रं बांधलेलं पाहिजे. कोंबडी धरली तर कोंबडीवाली बाई सांगंल तो भाव द्यायचा, बाजारभाव काढत बसायचं नाही. अंड्यावरची कोंबडी असती ती. हगलेलं उचलून पिशवीत घालून परत न्यायचं, बांधावर टाकायचं नाही. त्याच बांधावर आम्ही अनवाणी फिरतो.

---

तिखटजाळ | शनिवार, दुपारी २:०२

मूळ प्रश्नच कोणी विचारत नाहीये. नेताच कशाला? बिबट्याच्या जंगलात कुत्रं नेणं म्हणजे त्याला घरपोच डबा देणं. पाळणाघरात ठेवा, मोकळेपणाने फिरा.

---

चिखलपाय | शनिवार, दुपारी २:१९

तिखटजाळ, आयडीला जागलात. पवनेचा काठ म्हणजे जंगल नव्हे. शेतं आहेत, घरं आहेत. उगाच घाबरवू नका.

---

रानवाट | शनिवार, दुपारी ४:४०

दोघांचंही थोडं बरोबर आहे. बिबट्याला जंगल लागतं हीच गैरसमजूत. अकोले तालुक्यात शेतीच्या भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झालाय. तिथे बिबट्याच्या आहारात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, त्यातही सगळ्यात मोठा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्या संख्येने कितीतरी जास्त असूनही ११ टक्क्यांवर होत्या, कारण शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकळी. म्हणजे उपायही त्याच आकड्यात आहे. अंधार पडला की कुत्रं माणसाजवळ, आत. रात्री शेवटची शू पट्ट्यावर, दोघांनी मिळून, मोठा टॉर्च घेऊन, बोलत-बोलत. गळ्यात लुकलुकणारा दिवा बांधा. बिबट्या त्याने पळेल असं नाही, पण आपलं कुत्रं कुठल्या झुडपात आहे ते दिसतं. आणि बिबट्या दिसलाच तर फोटो काढायला पुढे जायचं नाही. वनविभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे, नोंदवून ठेवा.

जागा बदलायचा विचार आला तर एक बघा. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात कुत्रं नेता येत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना, बोरिवलीचं उद्यान, सगळीकडे तेच. भंडारदऱ्याला जाणारे हे हमखास विसरतात, रतनगड आणि कळसूबाई त्याच अभयारण्यात येतात. यामागे नुसतं "हरणांच्या मागे पळेल" एवढंच नाहीये. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले, त्यात कुत्र्यांमधल्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. आपल्या कुत्र्याची लस झालेली असणं हे रानातल्या जनावरांसाठीसुद्धा आहे.

---

डॉ_शेपूटवाला | शनिवार, रात्री ९:५०

दवाखाना बंद करून आत्ता बसलो. पशुवैद्य आहे, म्हणून औषधांच्या पिशवीवर जरा लांबण लावतो.

डिसेंबरातल्या सहलींनंतर माझ्याकडे सगळ्यात जास्त काय येतं सांगू? बिबट्या नाही, साप नाही. कुसळ. पावसाळ्यानंतर माळावरचं कुसळी गवत वाळतं, त्याची टोकदार कुसळं अंगाला चिकटतात. त्यांना मागच्या बाजूला वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ती पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात, काखेत शिरतात. वरून काही दिसत नाही. चार दिवसांनी कुत्रा एकच बोट चाटत बसतो, तिथे गाठ येते, गाठ फुटते, पू येतो, आणि कापून बघावं तर आत अख्खं कुसळ. कानात गेलं तर डोकं एका बाजूला कलतं आणि सारखं झटकलं जातं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर जमिनीवर बसा, कुत्र्याला आडवं करा आणि पंजा उलटा करून एकेक बेचकं बोटाने उघडून बघा. लॅबच्या कानाची पाळी उलटून आत टॉर्च मारा. बारीक दातांचा कंगवा आणि टोकदार चिमटा. सह्यवेडी, तुमच्या यादीतला ब्रश काढून त्या जागी हे दोन घाला.

त्याच तपासणीत गोचीड. कानाच्या मागे, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी, बोटांत. दिसली तर चिमट्याने कातडीला अगदी लगटून धरायची आणि सरळ वर, सावकाश ओढायची. पिळायची नाही, रॉकेल नाही, काडीने चटका नाही. गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध जायच्या काही दिवस आधीच द्या, तुमच्या डॉक्टरांना विचारून. ज्या कुत्र्याला कधी फिट आली असेल त्याच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय काहीच नको. मानेवर टाकायचं औषध असेल तर आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नाही. परत आल्यावर पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा: जेवण सोडलं, मलूल झाला, हिरड्या फिक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, तर "थकला असेल" म्हणू नका. गोचीड तापाचं निदान रक्त तपासल्याशिवाय होत नाही.

डब्यात एवढंच: गॉझ, रुंद क्रेप बँडेज, स्वतःलाच चिकटणारी पट्टी, पातळ करून वापरायचं पोव्हिडोन आयोडीन, डोळे धुवायला सलाईनची छोटी बाटली, बोथट टोकाची कात्री, थर्मामीटर, एक जुना मोजा. मोजा पंजाच्या बँडेजवर घालायला. आणि तोंड बांधायला कापडाची लांब पट्टी, कारण दुखावलेला कुत्रा मालकालाही चावतो. उलटी करणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड मात्र कधीही बांधू नका.

तुमच्या स्वतःच्या गोळ्यांची पिशवी वेगळी आणि उंचावर. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला द्यायचं नाही. "अर्धी दिली तर?" नाही.

---

सह्यवेडी | शनिवार, रात्री १०:११

डॉक्टर, खूप आभार! कुसळाचं ऐकून आत्ताच ब्रुनोचे पंजे उलटे करून बघितले, तो खूश झाला, त्याला वाटलं मालिश चाललंय. दोन प्रश्न. डासांचं आपलं मलम त्यांना लावलं तर चालेल का? आणि शेकोटीवर कणसं आणि चिकन करणार आहोत, ब्रुनोला कितपत द्यावं?

---

डॉ_शेपूटवाला | शनिवार, रात्री १०:३०

मलम नको, ते चाटतात. कॉइल त्यांच्या तोंडापासून लांब.

कणसाचा दाणा चालेल. बुरकुंडा (दाणे काढल्यावर उरतो तो दांडा) नाही, आणि ब्रुनोसारखा खादाड असेल तर बुरकुंडा जमिनीवरही पडू द्यायचा नाही. लॅब तो दोन तुकड्यांत गिळतो. पोटात तो पचत नाही, आतड्यात अडकतो. दोन दिवस उलट्या, मग एक्स-रे, मग पोट फाडून शस्त्रक्रिया. पावसाळ्यात आणि सहलींच्या दिवसांत हे नेहमीचं आहे. तसंच चिकन भाजायच्या बांबूच्या काड्या. त्यांना मसाला लागलेला असतो, म्हणून कुत्रा काडीसकट खातो आणि ती आतून टोचते. शिजलेली हाडं नाही, तीही फुटून टोकदार होतात. यासाठी झाकणाचा एक डबा फक्त खरकट्यासाठी न्या. उघडी पिशवी झाडाला टांगली तर रात्री गावातली कुत्री येतात आणि मग तुमच्या दोघांचा तंबूतून तमाशा.

मॅरिनेट केलेलं चिकन तर अजिबात नको, त्यात कांदा-लसूण असतो. त्यांच्यासाठी घरूनच उकडून न्या. जेवण बदलायचं नाही, घरी जे खातात तेच, एका वेळचं एका पुडीत. एक वेळचं जास्तीचं ठेवा. जोडीला थोडा मऊ भात, पोट बिघडलं तर उपयोगी.

---

बेएरियाकर | रविवार, सकाळी ६:१८

इकडचा अनुभव. कॅलिफोर्नियात कॅम्पिंग आमच्या मराठी मंडळींचा उन्हाळी सण आहे, पण नियम कडक. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तंबूंच्या बहुतेक तळांवर आणि डांबरी वाटांवर कुत्रा चालतो, पण डोंगरातल्या पायवाटांवर नाही. पट्टा सहा फुटांपेक्षा लांब नको. तंबूपाशी एकटा बांधून जायचं नाही. आणि अस्वलांमुळे सगळं अन्न तिथल्या लोखंडी पेटीत, त्यात कुत्र्याचं खाणंही आलं आणि त्याचा उष्टा वाडगाही. पहिल्यांदा जाणारे नेमकं ते विसरतात. आमची मंडळी मग त्याच पेटीत थालीपिठाची भाजणी आणि लसणाची चटणी ठेवतात, अस्वलाला काय वाटत असेल देव जाणे.

---

तिखटजाळ | रविवार, सकाळी ८:४४

चटणीमुळेच अस्वल येत नसेल. (हलके घ्या.)

---

पगवाली_काकू | रविवार, सकाळी ११:०२

धागा छान चाललाय. मला मुलगा मे महिन्यात काशीदच्या किनाऱ्यावर तंबूत नेणार म्हणतोय, आमच्या गुंडूसकट. गुंडू पग आहे. बर्फाच्या पिशव्या नेल्या तर चालेल ना?

---

डॉ_शेपूटवाला | रविवार, दुपारी १:१५

काकू, गुंडूला मे महिन्यात किनाऱ्यावर नेऊ नका. तुम्ही त्याच्यासोबत घरी पंख्याखाली आंबे खा, मुलाला जाऊ दे.

कुत्रा घामाने गार होत नाही, धापा टाकून होतो, आणि पगचं नाकच बसकं. दमट हवेत धापा टाकूनही भागत नाही. कुत्र्याचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ४० च्या वर गेलं की धोका, ४१ च्या वर प्राणाशी गाठ. हिरड्या लालभडक, लाळ दोरीसारखी चिकट, चाल लडखडती, अशी लक्षणं दिसली की सावलीत घ्या, साधं पाणी पोटावर, काखेत, पंजांवर ओता, वारा घाला, आणि ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. आणि लगेच दवाखाना. थोडा सावरला म्हणून थांबायचं नाही.

सह्यवेडी, तुम्हालाही लागू. डिसेंबर असला तरी दुपारी बंद गाडीत दोघांना ठेवून तिकोना चढायला जाऊ नका.

---

मावळातला | रविवार, दुपारी ३:३५

डॉक्टरसाहेब, सापाचं राहिलं. फुरसं दगडाखाली असतंय, थंडीत उन्हाला बाहेर येतं.

---

डॉ_शेपूटवाला | रविवार, दुपारी ४:१०

बरोबर आठवण केलीत. चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तोंडाला किंवा मानेला चावलं असेल तर गळपट्टा काढा, सूज चढते. चालवत नेऊ नका, उचलून गाडीत. माणसांना देतात तेच प्रतिविष कुत्र्याला चालतं, पण ते सगळ्या पशुवैद्यांकडे नसतं. म्हणून निघायच्या आधी घरूनच दोन-तीन दवाखान्यांना फोन करून विचारा: रात्री उघडे असता का, प्रतिविष ठेवता का. आणि नंबर कागदावर लिहून गाडीत ठेवा, काठावर रेंज जाते.

---

सह्यवेडी | रविवार, रात्री ८:२५

बेत मंगळवार-बुधवारवर हलवला. बूट, कुंपण, शाम्पू, खेळणी, अंथरुणं बाद. गोधडी, कंगवा, चिमटा, खरकट्याचा डबा, दोऱ्या, दोन पाण्याचे कॅन आत. दिवे मागवले. पोहण्याचं जॅकेट नेतेय, कोणी काही म्हणा. नवऱ्याला गाडीत जागा मिळाली, मागे, दोघांच्या मध्ये.

---

चिखलपाय | रविवार, रात्री ८:४०

लॅबला पोहण्याचं जॅकेट?!

---

मावळातला | रविवार, रात्री ९:०५

असू द्या हो, चांगलंय ते. काठाला गाळ असतो, वर मासे धरायची जाळी लावलेली असत्यात. कुत्र्याचा पाय जाळ्यात गुंतला की पोहणाराही बुडतो. जॅकेटला पाठीवर मूठ असती ना, ती धरून ओढता येतं. पाण्यात सोडायच्या आधी काठावर कुणाला तरी विचारा, जाळं कुठंय.

---

नवखा_पालक | सोमवार, सकाळी १०:५०

उशिरा आलो, वाचनखूण साठवली. आमचं पिल्लू अडीच महिन्यांचं आहे, त्याला याच महिन्यात नेलं तर?

---

डॉ_शेपूटवाला | सोमवार, दुपारी १:३०

नाही. आधी लसींचा कोर्स पूर्ण होऊ दे, रेबीज आणि लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) धरून, आणि शेवटच्या डोसनंतर आणखी दोन आठवडे जाऊ देत. गावात, बांधावर, साचलेल्या पाण्यात पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा विषाणू) आणि लेप्टो दोन्ही असू शकतात. तोवर हॉलमध्ये तंबू उभा करा, वर मोती_आणि_मी यांनी सांगितलाय तसा.